वालाला मोड येईपर्यंत

दोन माणसांचं भांडण मिटवायला जीभ लागत नाही, चार हात लागतात, असं मनापासून मानणारे गृहस्थ साऱ्या वसई तालुक्यात एकच आहेत आणि ते माझे चुलत सासरे लागतात. घरात आम्ही त्यांना काका म्हणतो आणि माझ्या कारखान्यातल्या बायकाही काकाच म्हणतात. वसई गावाबाहेर त्यांची वाडी आहे. केळी, थोडी नागवेल, कुंपणाला तगर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पहाटे झाडांना पाणी घातलं आणि मग धुतलेला सदरा घालून कोर्टात कारकुनी केली. तिथे काय पाहिलं असं विचारलं तर ते एकच गोष्ट सांगतात. दोन भाऊ तारखेला एकाच रिक्षातून यायचे, बाहेरच्या बाकावर एकाच डब्यातलं जेवायचे, आणि पुकारा झाला की आत जाऊन एकमेकांविरुद्ध उभे राहायचे. "कुणी त्यांना विचारलंच नाही, की बाबांनो, रिक्षात काय बोलता?" काका म्हणतात. "मीही नाही विचारलं. मी तारखा लिहीत होतो." निवृत्त झाल्यावर त्यांनी हे विचारायचं काम अंगावर घेतलं.

मात्र भांडण कोणतंही चालत नाही. नवराबायकोचं ते घेत नाहीत, भाऊबंदांचं घेत नाहीत, सोसायटीतल्या पाण्याचं आणि पार्किंगचं तर नावच काढायचं नाही. एकत्र काम करणाऱ्यांचंच भांडण लागतं. शेजाऱ्याला निदान दार लावून घेता येतं, पण एका टेबलावर काम करणाऱ्यांना उद्या सकाळी पुन्हा त्याच टेबलापाशी उभं राहायचं असतं, राग पोटात ठेवून, शिवाय काम बिघडू न देता. काकांच्या मते याहून अवघड संसार नाही. बेकरीतले भट्टीवाले, शाळेतले शिपाई, दवाखान्यातल्या आया, बसडेपोतले लोक असे कुठले कुठले त्यांच्याकडे यायचे. मी वसई पूर्वेला शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका गाळ्याची देखरेख करते. जिथे तीस-चाळीस माणसं दिवसभर कात्र्या आणि सुया हाताळतात तिथे भांडणांना तोटा नसतो, त्यामुळे काकांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक मीच होते.

त्यांची पद्धत अशी. भांडण कानावर आलं की ते आधी काकूंना वाल भिजत घालायला सांगत. बिरड्याचे कडवे वाल. रात्रभर भिजवायचे, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधायचे, आणि मोड आले की कोमट पाण्यात टाकून भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये पातेलं ठेवायचं. दोघांनी वाल सोलत सोलत बोलायचं. ज्यांनी वाल सोललेत त्यांना ठाऊक आहे, दाणा चिमटीत दाबला की सुळकन निसटतो, आणि जोर जास्त झाला तर मोड तुटतो. नजर खाली ठेवावी लागते आणि बोटं ओली राहतात. "हात मोकळे असले की बोट उगारलं जातं," काका म्हणत. "ओल्या बोटाने कोण कुणाला धमकावणार?" आम्ही घरात भांडणं किलोवर मोजायला लागलो होतो. सुईवरून झालेलं भांडण पावशेराचं, पगारवाढीच्या वेळचं किलोचं. काकूंचं म्हणणं असं, की जगात एवढं वैर आहे म्हणून आपल्या घरात आठवड्याला बिरडं होतं.

यातली खरी खुबी मला उशिरा कळली. वालाला मोड यायला दोन दिवस जातात. भांडण आज झालं तर बसायचं परवा, आणि कुणी कितीही तावातावाने आलं तरी काका फडकं उघडून दाखवत. "अजून आले नाहीत." निम्मी भांडणं तेवढ्यातच मरून जात. मग काकू एकट्याच ते वाल सोलत बसत आणि भांडायला न आलेल्या दोघांना उद्देशून काय काय बोलत. काका-काकू आपसात घरच्या बोलीत इतकं भराभर बोलतात, की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला निम्मं समजत नाही. पण ते काय होतं हे समजायला बोली यावी लागत नव्हती.

बोलण्याचेही नियम होते. 'नेहमी' आणि 'कधीच' या दोन शब्दांवर बंदी. आमचे कटिंग मास्तर आणि इस्त्रीवाला यांचं पंख्यावरून वाजलं तेव्हा मी काकांना पहिल्यांदा कारखान्यात बोलावलं. इस्त्रीवाल्याला वाफेने उकडायचं म्हणून तो पंखा लावायचा, आणि पंखा लागला की मास्तरांनी टेबलावर पसरलेले कापडाचे थर उडायचे. कच्च्या मालाच्या खोलीत ताग्यांवर दोघांना बसवून काकांनी पातेलं ठेवलं.

"हा नेहमी पंखा लावतो," मास्तर म्हणाले.

"कोणत्या वारी?" काकांनी विचारलं.

"नेहमी म्हणजे... रोज."

"काल लावला होता?"

"काल रविवार होता."

"परवा?"

मास्तरांनी बराच वेळ एकच वाल सोलला. शेवटी निघालं ते असं, की शर्टाचं पातळ कापड पसरायचं त्याच दिवशी भांडण व्हायचं, पँटचं जाड कापड पंख्याने हलत नव्हतं. इस्त्रीचं टेबल खिडकीशी हलवलं आणि विषय संपला. हा किस्सा मास्तर स्वतःच सगळ्यांना सांगतात म्हणून मला माहीत आहे. काकांच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं.

दोन्हीकडच्यांचं काका काहीही घेत नाहीत, चहासुद्धा नाही. पाण्याची बाटली घरून आणतात. एकदा बेकरीतल्या दोघांचा समझोता झाला आणि कुणीतरी कृतज्ञतेने वाडीच्या फाटकाला गरम पावांची पिशवी अडकवून गेलं. कुणी ते कळेना. एकाने दिले असतील तर दुसऱ्यावर अन्याय, म्हणून काकांनी पाव मोजून दोन सारख्या पिशव्या केल्या आणि भर उन्हात चालत जाऊन कुणाला न भेटता दोघांच्या दाराला एकेक अडकवली. दोघांनाही वाटलं, पाव दुसऱ्याने पाठवलेत. त्यामुळे त्यांचं जे काही उरलंसुरलं होतं तेही मिटलं, आणि याचं श्रेय मात्र काका घ्यायला तयार नाहीत. ती चूक होती म्हणतात.

पण त्यांच्या सगळ्या नियमांत सोवळ्यासारखा पाळलेला नियम होता तो गुप्ततेचा. बसायच्या आधी ते दोघांकडून शब्द घेत. "इथलं बोलणं इथंच. बायकोला नाही, नवऱ्याला नाही, देवाला सांगायचं असेल तर मनातल्या मनात." उठल्यावर ते स्वतः ओठ शिवून घेत. बाहेर मी उभी असले तरी फक्त म्हणत, "मिटलं." काय मिटलं, कसं मिटलं, चूक कुणाची होती? "वाल छान निघाले, सूनबाई." एकदा मिटलेल्या भांडणाकडे पुन्हा वळून बघायचं नाही, त्या माणसांच्या घरी जायचं नाही, रस्त्यात भेटले तर तब्येतीपलीकडे विचारायचं नाही, हेही त्याच नियमाचं शेपूट. त्यांचा विश्वास असा, की माणूस खरं बोलतो ते भिंतींवर भरवसा असला तरच. आणि माझ्या डोळ्यांसमोर इतकी भांडणं मिटली, की मीही कधी शंका घेतली नाही. मंजुळाचं प्रकरण होईपर्यंत.

मंजुळा चांदीपची. तिच्या घरी भाताची शेती आहे आणि ती आमच्याकडे फिनिशिंगला आहे. दोरे काढणं, बटणं तपासणं, कॉलरला शेवटची इस्त्री मारणं हे काम. तिच्या हातातून गेलेल्या कॉलरला मी पुन्हा हात लावत नाही, यापेक्षा जास्त कौतुक मला करता येत नाही. रेश्मा विरारची, कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. दोघींचं चांगलं होतं. आमच्याकडे शेवटच्या अर्ध्या तासात हातातलं काम संपलं तर बायका उरलेल्या कातरणीतून घरचं काहीतरी शिवून घेत. लेकराचं झबलं, पिशवी, उशीचा अभ्रा. कुणी परवानगी दिली नव्हती आणि कुणी अडवलंही नव्हतं. रेश्माने असाच लेकीसाठी फ्रॉक शिवला, झालर लावून. मंजुळाने त्याला इस्त्री करून दिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी शेठचा फोन आला. शेठ मुंबईला राहतात, महिन्यातून एकदा येतात. त्यांनी फोनवर रेश्माला झापलं आणि मला सांगितलं, की आजपासून घरचा टाकासुद्धा मशीनवर पडता कामा नये. सगळ्यांचंच बंद झालं. त्याच सकाळी मंजुळा ऑफिसच्या खोलीत येऊन गेली होती, कापणीची रजा मागायला. तेवढंच पुरलं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका गोल करून बसल्या असताना रेश्मा उभी राहिली.

"कोणाच्या पोटात दुखलं ते मला माहितेय. सकाळी ऑफिसात कोण घुसली होती? इस्त्री करायला पुढे, आणि चुगली करायला पन पुढे."

मंजुळाच्या हातात भाकरीचा तुकडा होता. "मी नाय सांगितलं," एवढंच ती म्हणाली. "मी रजा मागाय गेल्ती."

"हो का? मग शेठला स्वप्न पडलं काय?"

कुणीतरी हसलं. मी मध्ये पडून सगळ्यांना कामाला लावलं, आणि मंजुळा रजा मागायला आली होती हे खरं आहे असं सांगितलं. पण रजेखेरीज ती दुसऱ्या कुणाशी काय बोलली असेल हे मी कसं सांगणार, असं बायकांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो गोल मंजुळाला वगळून बसायला लागला. ती आली की बोलणं थांबायचं. लोणच्याची बाटली तिच्यापर्यंत यायची नाही. बाहेरच्या माणसाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण आमच्यासारख्या ठिकाणी पगार मालक देतो आणि दिवस मात्र बायका एकमेकींना देतात. त्यात चहाडखोर हा शिक्का बसला की माणूस गर्दीत असून संपतं. मी काकांना फोन केला. काकूंनी वाल भिजवले.

ते तिघे कच्च्या मालाच्या खोलीत बसले तेव्हा पातेलं भरलेलं होतं, आणि बाहेर आले तेव्हा रिकामं. रेश्माचे डोळे लाल होते. मंजुळाचा चेहरा मात्र सैल झालेला, बऱ्याच दिवसांनी. "मिटलं," काका म्हणाले आणि सोललेल्या वालांचा डबा घेऊन रिक्षाकडे गेले. त्या दिवसापासून रेश्मा मंजुळाशी बोलायला लागली. जेवताना तिला बाजूला बसवून घ्यायची, तिच्यासाठी पाणी भरून आणायची. मी मनात म्हटलं, चला, आणखी एक किलो वाल सत्कारणी लागले.

दिवाळीच्या आधी मंजुळा माझ्या टेबलापाशी आली.

"बाई, दिवालीनंतर मी येनार नाय."

"का गं? घरी काही अडचण?"

"अडचन नाय."

"रेश्माशी पुन्हा वाजलं?"

"ती बरी वागते." हे ती अशा आवाजात म्हणाली, की मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मग झालं काय?"

"तुमच्या काकांना इचारा."

"काका सांगणार नाहीत. तू सांग."

"मी शबुद दिलाय," ती म्हणाली, आणि कॉलरचा गठ्ठा उचलून गेली.

तिच्याकडून काही निघणार नव्हतं, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत पार्टिशनच्या अलीकडे उभी राहून कान दिला. असं करणं मला आवडत नाही, पण चांगली कामगार हातची जाणंही आवडत नाही. फार वेळ उभं राहावं लागलं नाही. मंजुळा हात धुवायला गेली होती आणि एक बाई रेश्माला म्हणत होती, "तुझं मन मोठं बाई. माझी कुणी चुगली केली असती तर मी नसतं घेतलं बाजूला." दुसरी म्हणाली, "माफ केलंस, पुण्य लागेल तुला." रेश्मा काहीच बोलली नाही. भाजी वाढून घेतली तिने.

मी त्याच संध्याकाळी स्कूटर घेऊन वाडीवर गेले. काका केळीची वाळलेली पानं कापत होते. मी आडवळण न घेता ऐकलेलं सगळं सांगितलं.

"काका, चुगली मंजुळाने केली होती का?"

"सूनबाई, ते विचारू नकोस."

"बरं, नाही विचारत. पण बायका म्हणतात, रेश्माने तिला माफ केलं. तिच्या शेजारी बसते, तिला पाणी देते, म्हणजे हिचा गुन्हा होता आणि तिचं मन मोठं. रोज जेवताना मंजुळाला हे ऐकावं लागतं, आणि तिने तुम्हाला शब्द दिलाय म्हणून ती तोंड उघडत नाही. दिवाळीनंतर येणार नाही म्हणाली."

काकांचा कोयता हातातच राहिला. ते बांधावर बसले. 

"माफ केलं म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रेश्मा काय म्हणते त्यावर?"

"काही नाही. ऐकून घेते."

त्यांनी कोयता बांधावर ठेवला. मग म्हणाले, "भांडण झालं सगळ्यांच्या देखत. आणि मी मिटवलं दार लावून." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "दार लावून." मी त्यांना इतकं म्हातारं पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं ते आता काय घडलं ते सांगतील. नाही सांगितलं. शब्द त्या दोघींनी दिला होता, तसा त्यांनीही दिला होता, आणि दोघींच्या परवानगीशिवाय तो मोडायचा अधिकार त्यांना नव्हता. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक नियम मोडला. बस पकडून ते चांदीपला, मंजुळाच्या घरी गेले.

मंजुळाने त्यांना खळ्यावरच खाट टाकून दिली. भाताची झोडणी चालू होती. त्यांनी विचारलं, "मी तुझ्या कारखान्यात येऊन सगळं सांगू का? तू मोकळी करशील मला?" हे आणि पुढचं मला मंजुळाकडून नंतर कळलं.

"तुमी सांगून काय होनार?" ती म्हणाली. "तुमी माझ्या बाजूचे, असं बोलतील. जी बोलली तिनं सांगावं. जिथं बोलली तिथं."

"ती नाही म्हणाली तर?"

"तर मी शेतावर बरी हाय."

तिच्या आईने काकांना चहा आणून दिला. काकांनी तो घेतला. मंजुळाला त्याचं काही वाटलं नाही, पण मला तिने ते सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली.

सोमवारी रेश्माशी बोलणं माझ्यासमोर झालं, काकांनीच मला थांबायला सांगितलं. या खेपेला वाल नव्हते. काका माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले होते आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं. कधी गुडघ्यावर, कधी टेबलावर.

"रेश्मा, तिथे आपण जे बोललो ते बाहेर सांगायला मंजुळाची हरकत नाही. माझीही नाही. तुझी आहे का?"

"काका, तुम्हीच बोललात ना, इथलं इथंच?"

"बोललो होतो."

"मग? मी तर तुमचंच ऐकलं. तिच्याशी नीट वागते, सगळे बघतात. आता मुद्दाम उठून सगळ्यांसमोर कशाला तमाशा? माझी काय इज्जत राहील?"

"तेच," काका म्हणाले. "तुझी राहावी म्हणून तिची गेली. तुझा दोष नाही त्यात. नियम माझा होता. मी चुकलो."

रेश्माने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं तिला भांडायचं होतं, त्यासाठी ती तयार होऊन आली होती. पण समोरचा माणूसच चुकलो म्हणाल्यावर तिला कुठून सुरुवात करावी कळेना.

"बायका मला भारी समजतात, काका," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "आजपर्यंत कोन नव्हतं समजत."

काकांनी मान हलवली.  ती उठून मशीनवर गेली आणि दुपारपर्यंत तिने मान वर केली नाही.

जेवणाच्या सुट्टीत गोल बसला. काका दाराशी एका ताग्यावर बसून होते. सगळ्यांचे डबे उघडले तेव्हा रेश्मा उभी राहिली. आधी ती नेहमीच्या हसऱ्या तोंडाने सुरू झाली, "ऐका गं, एक ॲनाउन्समेंट आहे," आणि मग ते हसू टिकलं नाही.

"शेठला मंजुळाने नाही सांगितलं. कोणीच नाही सांगितलं. शेठ फोनवर मला बोलले होते, लाल फ्रॉक कशाला शिवलास. मी काकांसमोर तसं बोलली, तर मंजुळा बोलली, लाल कुठला, तो तर केशरी. तिनेच इस्त्री केली ना त्याला, तिने सांगितलं असतं तर केशरी सांगितलं असतं. मग मी नंतर ऑफिसातल्या टीव्हीत बघितलं. दाराजवळचा कॅमेरा आहे ना, त्याच्या कोपऱ्यात माझी मशीन दिसते. आणि त्यात केशरी कपडा लाल दिसतो. शेठ घरी बसून मोबाईलवर बघतात." तिने श्वास घेतला. "मला हे इतके दिवस माहीत होतं. तुम्ही मला मोठ्या मनाची बोलायच्या, मी ऐकून घ्यायची. मी हिला माफ वगैरे नाही केलं. माफ करायसारखं हिने काय केलंच नव्हतं."

 तो कॅमेरा दारातून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आहे असं आम्ही सगळ्याच धरून चाललो होतो. सगळ्यांच्या माना एकदम वर, दाराकडे वळल्या. मग ज्या बाईने पुण्याचं काढलं होतं, तिने आपली भाजी मंजुळाच्या दिशेने सरकवली. मग दुसरीने लोणचं. मंजुळासमोर डब्यांची झाकणं जमली. तिने कशालाच हात लावला नाही. आपली भाकरी नीट संपवली, डबा पुसला, बंद केला आणि म्हणाली, "बरं झालं बोललीस." मग इस्त्रीच्या टेबलाकडे गेली. त्या दिवशीच्या कॉलरी मी मुद्दाम तपासल्या. एकीतही चूक नव्हती. दिवाळीनंतर ती कामावर आली. कुणाच्या डब्यातलं खायला लागायला मात्र तिला त्यानंतर पुष्कळ दिवस लागले, आणि त्याबद्दल मी तिला एका शब्दानेही कधी घाई केली नाही.

त्या दुपारी मी काकांना स्कूटरवर वाडीकडे सोडायला निघाले. मला वाटलं ते समाधानात असतील.  फाटकाशी उतरल्यावर मात्र गाडीचं हँडल धरून उभे राहिले.

"सूनबाई, बाकीच्यांचं काय झालं असेल?"

"कोण बाकीचे?"

"इतकी वर्षं मी लोकांना दार लावून बसवलं. मिटलं म्हणून बाहेर आलो आणि वळून बघितलं नाही. बाहेर लोक काय समजले हे मी एकदाही विचारलं नाही." जराशाने म्हणाले, "यातून आणखी कुणी गप्प बसून निघून गेलं असेल तर?"

मी त्यांना सांगितलं, की सगळ्यांचं भलंच झालं असेल. असलं बोलणं मी सहसा करत नाही, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं.

आता काका भांडणं घेतात तेव्हा उठायच्या आधी दोघांना विचारतात, "बाहेर काय सांगायचं?" ते वाक्य दोघांना पटेपर्यंत कुणाला उठू देत नाहीत. कधी कधी भांडणापेक्षा त्या एका वाक्यालाच जास्त वेळ लागतो. पण भांडणं हल्ली ते कमीच घेतात. रविवारी सकाळी मी बोळिंजच्या आमच्या घरून वाडीवर जाते, त्यांना स्कूटरच्या मागे बसवते आणि ते सांगतील त्या घरी नेते. कुणी जागा बदलून गेलेले असतात, कुणी वारलेले, कुणाला काका आठवतच नाहीत. "सहज आलो होतो," म्हणतात आणि आत जातात. मी खाली गाडीपाशी थांबते. काय बोलले ते विचारत नाही.

गेल्या रविवारी आमच्याच बाजूला, बोळिंजच्या एका नव्या इमारतीत गेलो. फार पूर्वी एका शाळेच्या कचेरीत काम करणाऱ्या दोघींचं त्यांनी मिटवलं होतं, त्यातली एक तिथे लेकाकडे राहते. नेहमी पाच-दहा मिनिटांत खाली येणारे काका तासभर आले नाहीत. ऊन चढलं, मी गाडी सावलीत घेतली. शेवटी लिफ्टचं दार उघडलं. त्यांच्यामागे माझ्या आईच्या वयाच्या बाई होत्या, त्यांना गाडीपर्यंत पोचवायला आलेल्या. "सांभाळून न्या हो," त्या मला म्हणाल्या, आणि काका नीट बसेपर्यंत त्यांच्या खांद्याला हात लावून उभ्या राहिल्या.

वळणापाशी आल्यावर काका जरा पुढे वाकले. मग मागून म्हणाले, "त्या वेळी ती नोकरी सोडून गेली. सगळ्यांना सांगितलं, मुलाच्या शाळेसाठी. मीही तेच धरून होतो."

पुढे काही म्हणतील म्हणून मी गाडीचा वेग कमी केला.  माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जरासा जड झाला, आणि मी तशीच सावकाश वाडीपर्यंत गेले.